आठवी हजेरी

वेळण्याच्या खिंडीत रस्त्यावर ऐनाचं झाड आडवं पडलं होतं. ते कापून टेंपो पलीकडे काढेपर्यंत दहा वाजले, आणि नेमकी तेव्हाच खालून देवळाच्या भोंग्यावर हजेरी सुरू झाली. नव्या बॅटऱ्या घेऊन गावी परतणाऱ्या प्रज्योत गुरवाला ती ऐकून आधी हायसं वाटलं. म्हणजे वीज आली होती आणि कुणीतरी सभा उठवली होती.

"मधलीवाडी, हजर. वरचीवाडी, हजर. खालचीवाडी, हजर." यंत्रातल्या बाईचा तो शांत आवाज दोन दिवसांच्या वादळानंतर ऐकायला बरा वाटत होता. गुरववाडी, सुतारवाडी, आंबेवाडी झाली. "तरीबंदर, हजर. सभा पूर्ण. नमस्कार." भोंगा बंद झाला.

प्रज्योत कोयता हातात धरून तसाच उभा राहिला. आठवं नाव आलंच नव्हतं. बरं, एखादा डबा बंद असला तर बाई तसं स्पष्ट सांगायची, 'नवीवाडी, गैरहजर'. तेही ती बोलली नाही. सात नावं घेऊन सभा पूर्ण झाली म्हणाली. याचा अर्थ नवीवाडी गैरहजर नव्हती, अशी काही वाडी आहे हेच सभेला ठाऊक नव्हतं. त्याची सख्खी बहीण मयुरी नवीवाडीत राहत होती आणि आज पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचं उधाण होतं. भरती बारा चाळीसला.

आता ही सभा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

समुद्र वर यायला लागला तेव्हा वेळण्याच्या खाडीवर मोठा बंधारा झाला. त्याला प्रत्येक वाडीच्या अंगाला एक उघाडी, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायचं पोलादी दार. दार कुणी आणि कधी उघडायचं, यावरून गावात डोकी फुटायची. एका वर्षी कुणीतरी स्वतःच्या कोळंबीच्या तळ्यांसाठी चाक फिरवलं आणि अख्ख्या खालच्यावाडीचं भात खारं झालं. तेव्हा गावानं ठराव केला, की उघाडीवर माणसाचा हात नकोच. चाकं काढून वितळवून टाकली. कारभार सर्व्हरवर सोपवला.

पण एकच सर्व्हर ठेवला आणि तो ऐन वादळात आजारी पडला तर? म्हणून सात ठेवले, सात वाड्यांत, प्रत्येकी एक डबा, मिक्सरएवढा. इंजिनिअर लोक याला क्लस्टर म्हणतात. हे सातही डबे दर सेकंदाला एकमेकांना नुसतं 'मी आहे, मी आहे' असं कळवत राहतात. याला म्हणायचं नाडी. एखाद्याची नाडी तीनदा चुकली की बाकीचे त्याला मेला असं धरून बाहेर ठेवतात. कुठलीही उघाडी हलवायची तर सातांतल्या किमान चौघांचं एकमत लागतं. चारच का? तर समजा वादळात तार तुटली, तीन डबे इकडे अडकले आणि चार तिकडे. दोन्हीकडच्यांना वाटणार पलीकडचे मेले. दोघांनीही हुकूम सोडले तर एक म्हणणार उघड, दुसरा म्हणणार मीट. म्हणून ज्या बाजूला चार आहेत तिनं कारभार करायचा आणि तिघांनी गप्प बसायचं. अर्ध्याहून जास्त एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नाहीत, एवढाच यातला हिशेब.

अंधारातून सगळे एकदम उठतात तेव्हा मात्र जरा नाजूक काम असतं. कोण जिवंत आहे ते कुणालाच माहीत नसतं. प्रत्येकाकडे सभासदांच्या यादीची आपापली प्रत असते आणि प्रतीवर क्रमांक असतो. चार जमेपर्यंत थांबायचं, मग प्रती ताडून बघायच्या, ज्याची सगळ्यांत ताजी त्याची खरी मानायची.

हे सगळं प्रज्योतनं गावाला बारा वर्षांपूर्वी देवळात समजावून सांगितलं होतं. तेव्हा तो पुण्याहून नुकता शिकून आला होता आणि अंगात नवा उत्साह होता. लोकांच्या चेहऱ्यांवर काही उमटेना, तेव्हा त्याला शिमगा आठवला. "हे बघा, आपली पालखी कशी उठते? मानकरी जमल्याशिवाय उठते का? तसंच हे." सगळे एकदम हसले. "अरे मेल्या, मग मानकरीच म्हण की! उगाच नोड नोड काय लावलंयस!" त्या दिवसापासून डब्यांना, आणि प्रत्येक वाडीत डबा सांभाळणाऱ्या माणसालाही, मानकरी म्हणायला लागले. प्रज्योत स्वतःवर भारी खूश होता.

टेंपो त्यानं थेट देवळाच्या पायऱ्यांशी नेला. सभामंडपात अण्णा पंचा खांद्यावर टाकून स्क्रीनसमोर बसले होते. अण्णा म्हणजे त्याचे वडील, गावचे गुरव. वय त्र्याहत्तर. देवाची पूजा त्यांच्याकडे आणि प्रज्योत गावात नसला की सभेची देखभालही.

"आलास?" अण्णा थकलेले होते, पण चेहरा फुललेला. "बघ, सगळे उठवले. पहाटे चारला बॅटऱ्या संपल्या आणि सगळं काळं झालं. साडेसातला वीज आली. तुझा फोन लागेना. म्हटलं, दुपारच्या भरतीआधी सभा उभी राहिली नाही तर खाजणाची उघाडी सताड उघडी राहायची आणि मयूचं घर जायचं. धावलो बाबा मोटरसायकलीवर, या वयात!"

ते खरंच होतं. सभा बंद असली की खाजणाची उघाडी आपोआप उघडीच राहायची. बंधारा झाला तेव्हा त्या खाजणात, त्या खाऱ्या दलदलीत, चिटपाखरू राहत नव्हतं. वरून जास्तीचं पाणी आलं तर सोडायला ती रिकामी जागा ठेवलेली होती. सहा वर्षांपूर्वी पुळणीवरची वस्ती समुद्रानं खाल्ली आणि तिथले साठ उंबरे खाजणाच्या कडेला येऊन वसले. तीच नवीवाडी.

"अण्णा, किल्ली फिरवलीत का तुम्ही?"

"फिरवली. दोघं उठले, पण बाकीच्या वाड्यांकडे झाडं पडलेली, पोरं पोहोचायला वेळ लागत होता. स्क्रीन आपली म्हणतेय थांबा, थांबा. किती थांबू? तूच म्हणाला होतास ना, अगदी गळ्याशी आलं तर किल्ली."

"कुठल्या डब्याला?"

"कुठल्या म्हणजे?" अण्णांना प्रश्नच समजला नाही. "मधल्यावाडीच्या. पहिला मान त्यांचा."

प्रज्योतनं स्क्रीन आपल्याकडे वळवली आणि यादी पाहिली.

किल्ली म्हणजे सक्तीची सुरुवात. ज्या डब्याला ती लावाल त्याची प्रत खरी. मग नंतर उठणारे सगळे आपापली प्रत पुसून त्याची उतरवून घेतात, तंटा करत नाहीत. म्हणून किल्ली लावायची ती सगळ्यांत शेवटी झोपलेल्या डब्याला, कारण शेवटपर्यंत जागा होता त्यालाच शेवटची बातमी ठाऊक. मधल्यावाडीचा डबा आषाढात वीज पडून जळला होता. दीड महिना तो दुरुस्तीला होता. परवाच प्रज्योतनं तो आणून जागेवर ठेवला, सभेला जोडायच्या आत वादळ आलं. आणि नवीवाडीला सभेत घेतलं होतं श्रावणात. मधल्यावाडीच्या प्रतीत नवीवाडी नव्हतीच. त्या प्रतीत खाजण रिकामं होतं.

शेवटी झोपला त्याला आधी उठवायचं, हे प्रज्योतनं कुणाला सांगितलं होतं का? माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं, सत्तेचाळिसाव्या पानावर. तोंडानं कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पालखीचं उदाहरण बिघडलं असतं.

"काय झालं रे?" अण्णांनी विचारलं. "नवीवाडीचा डबाही उठवलाय. मयूनं स्वतः बटण दाबलं. लाल दिवा लागलाय म्हणाली, म्हटलं प्रज्या येऊन बघेल."

प्रज्योतनं सांगितलं. भराभरा, बोटांवर मोजत, लहान मुलाला सांगावं तसं. अण्णा ऐकत राहिले. मध्येच त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

"मग परत कर. बंद कर सगळं, नि मयूच्या डब्याला किल्ली लाव."

"किल्ली चोवीस तासांत एकदाच फिरते. दोन ठिकाणी दोघांनी फिरवली तर दोन सभा उभ्या राहतील, म्हणून."

"कुणी केला हा नियम?"

"मी केला."

"उघाडीला हुकूम दे मग. सगळ्या मानकऱ्यांचे अंगठे मी आणतो. मधल्यावाडीचा खांबे पाया पडून देईल."

"उधाण लागलं की अंगठे चालत नाहीत, अण्णा. घाबरून किंवा लोभानं कुणी काही करू नये म्हणून. गावानं एकमतानं ठरवलंय ते. तुम्हीही हात वर केला होतात."

अण्णांनी एकदा गाभाऱ्याकडे पाहिलं. "मग काय चालतं?" ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

एकच गोष्ट चालत होती. नव्या सभासदाचा अर्ज. तो कधीही करता यायचा. प्रज्योतनं स्क्रीनवर नवीवाडीचा अर्ज टाकला, दहा दहाला. स्क्रीननं तत्परतेनं उत्तर दिलं: 'अर्ज मिळाला. सहा तास अखंड नाडी तपासली जाईल. दाखल होण्याची वेळ, दुपारी चार दहा.'

सहा तास हाही नियमच. श्रावणात नवीवाडीला घ्यायचं ठरलं तेव्हा जुन्या वाड्यांतली काही मंडळी अडून बसली होती. हे कोण कुठले, यांचा डबा भलतंच काही बोलायला लागला तर? प्रज्योतनं मध्यम मार्ग काढला. नव्याला आधी सहा तास उंबऱ्याबाहेर बसवू, नाडी नीट चालते का बघू, मग आत घेऊ. सगळ्यांचं समाधान झालं. त्या दिवशी अण्णा नारळ घेऊन नवीवाडीत गेले. मयुरीनं दर्शन तांडेलशी लग्न केलं तेव्हापासून सहा वर्षं ते तिच्याशी अवाक्षर बोलले नव्हते. त्या दिवशी तिच्या घरी जेवले, आणि परत येताना वाटेत प्रज्योतला म्हणाले, "पोरीच्या हाताला आईची चव आहे रे."

खाडीचं पाणी खाजणात सोडायच्या खुणेवर यायला अजून तास-सव्वा तास होता. प्रज्योतनं मोटरसायकल घेतली.

नवीवाडीत वादळानंतरची आवराआवर चालली होती. कौलं शाकारत होते, जाळी वाळत टाकली होती. दर्शन त्याच्या बोटीवर होता आणि बोटी वादळामुळे वरच्या बंदरात अडकल्या होत्या. मयुरी ओटीवर डब्याजवळ बसली होती. सदतीस वर्षांची बाई, पण दादाला पाहून तशीच उडी मारून उठली.

"दादा, बरं झालं आलास. हा सकाळपासून लाल आहे बघ. मी पुसलासुद्धा."

"मयू, सगळ्यांना बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता. देवळाकडे. सव्वाअकराला इकडची उघाडी उघडणार आहे."

ती हसली. तिला वाटलं थट्टा करतोय. मग तिनं त्याचा चेहरा नीट पाहिला.

"आपण आहोत ना सभेत," ती म्हणाली.

"होतो. आज सकाळी नाही."

"म्हणजे काय? कुणी काढलं?"

अण्णांनी, असं म्हणणं त्याच्यानं होईना, आणि मी, असं म्हणायलाही जीभ वळेना. "कुणी नाही," तो म्हणाला. "जुनी यादी वर आली. चुकून. परत अर्ज टाकलाय, सहा तास नाडी अखंड चालली की घेतील. समजावून सांगतो नंतर, आधी माणसं काढ."

मयुरीची सासू, द्वारकाबाई, दारात उभी राहून ऐकत होती. तिनं एक शब्द विचारला नाही. एकदा पुळण सोडून पळालेली बाई ती. सरळ आत गेली, देव उचलले, कागदांची पिशवी उचलली आणि ओरडत गल्लीत गेली. "ए बायांनो, पाणी येतंय! पोरं घ्या! पोरं आधी!"

पुढच्या तासाभरात प्रज्योतनं म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, शेळ्या ओढल्या, कुणाची शिवणयंत्रं उचलली आणि वाटेत टाकली. मधल्यावाडीचे खांबेकाका, गावचे पहिले मानकरी, चाळीस माणसं घेऊन धावत आले. कुणी बोलावलं नव्हतं. अण्णांनी जाऊन फक्त घडलं ते सांगितलं होतं. खांबेकाकांनी पहारी आणल्या होत्या. उघाडीच्या खोबणीत पहारी घालून दार अडकवायचं, असा त्यांचा बेत.

"काका, नऊ टनांचं दार आहे ते."

"असूं दे. बघायचं तरी!"

सव्वाअकराला खाडीचं पाणी खुणेवर आलं. सहा मिनिटं काहीच झालं नाही. प्रज्योतच्या मनात एक वेडी आशा येऊन गेली. आपण बनवलंय ते, आपल्याशी असं वागणार नाही, असलं काहीतरी. मग खांबावरचा पिवळा दिवा फिरायला लागला आणि बाईचा आवाज आला. "सावधान. जास्तीचं पाणी रिकाम्या खाजणात सोडण्यात येत आहे. कृपया दूर राहा."

"रिकामं नाही गं बये!" खांबेकाका त्या खांबाला ओरडून सांगत होते. "माणसं आहेत! घरं आहेत!" खांबाला कान नव्हते. प्रज्योतनं त्याला कान दिलेच नव्हते, कारण ओरडणाऱ्याचं ऐकायचं नाही, हेच तर गावाला हवं होतं. पहारी काडीसारख्या वाकल्या. एक उडून एकाच्या खांद्याला लागली. दार सावकाश, काहीही घाई न करता वर गेलं.

पाणी पहिल्यांदा घोट्याएवढं आलं, लाल, पाचोळा घेऊन. मग गुडघ्याएवढं. प्रज्योतनं मागं वळून पाहिलं तर मयुरी घरातून बाहेर येत होती. साठ घरांतल्या बायांनी भांडी, दागिने, पोरांची दप्तरं उचलली होती. मयुरीच्या डोक्यावर डबा होता, त्याची बॅटरी ओच्यात बांधलेली, वायर दातात धरलेली.

"टाक तो! घरातलं काहीतरी घे!"

तिनं वायर दातातून काढली. "सहा तास नाडी अखंड पाहिजे म्हणतोस ना? हा बुडला तर परत पहिल्यापासून." आणि ती कमरेएवढ्या पाण्यातून देवळाच्या वाटेला लागली, घागर घेऊन चालावं तशी मान ताठ ठेवून.

खाजण भरलं. बाकीच्या सात वाड्यांत पाण्याचा थेंब शिरला नाही. सभेनं आपलं काम चोख केलं होतं, तिच्या यादीप्रमाणे.

दुपारभर सगळी नवीवाडी देवळात बसून होती. माणूस एकही गेलं नाही, हे खरं. पण बाकी सगळं गेलं. मधल्यावाडीच्या बायांनी भात-आमटी करून आणली आणि स्वतः वाढली, पण कुणी कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. मयुरीनं डबा खांबाशी ठेवला, प्रज्योतनं आणलेली नवी बॅटरी त्याला जोडली आणि वाडीतल्या तरण्या पोरांना घेऊन परत पाण्यात गेली. शेळ्या राहिल्या होत्या, जाळी वाहत होती. तीन फेऱ्या केल्या तिनं, चार केल्या. पावणेचारला प्रज्योतनं तिला ओढूनच वर आणलं.

अण्णा गाभाऱ्याच्या पायरीवर बसले होते. सकाळपासून त्यांनी पाणीही घेतलं नव्हतं. मयुरी समोर येऊन बसली, निथळत.

"मी केलं गो ते, मयू," अण्णा म्हणाले. "तुझं घर वाचावं म्हणून घाई केली. मानाच्या क्रमानं गेलो. माझ्या डोक्यात दुसरा क्रमच नाही."

"दादानं सांगितलं मला," मयुरी म्हणाली. "तुमचा दोष नाही, अण्णा. मला समजतं."

तिनं ते खरंच मनापासून म्हटलं. पण अण्णांकडे बघून म्हटलं नाही.

प्रज्योतनं मग उठून सगळ्या नवीवाडीला सांगायचा प्रयत्न केला. जुनी प्रत, जळालेला डबा, किल्ली. तो बोलत होता आणि बोलता बोलता त्याला स्वतःचाच आवाज खोटा वाटायला लागला. लोक ऐकून घेत होते. शेवटी द्वारकाबाई बोलली, शांतपणे, रागावल्याशिवाय.

"तुमचं यंत्र आम्हांला विसरलं म्हणता. खरं असेल, भाऊ. तुम्ही कशाला खोटं बोलाल? पण पाणी सोडायची जागा कुठली, ते त्याला बरं आठवत होतं."

खांबेकाकांनी मान खाली घातली. सभामंडपात फक्त डब्यावरचा छोटा दिवा दर सेकंदाला लुकलुकत होता, आता पिवळा.

चार दहाला तो हिरवा झाला. भोंगा खरखरला आणि सभासद बदलला की घ्यायची असते ती हजेरी बाईनं घेतली. मधलीवाडी, हजर. वरचीवाडी, हजर. एकेक नाव. तरीबंदर, हजर. आणि मग त्याच शांत आवाजात, "नवीवाडी, हजर. सभा पूर्ण. सर्व वस्त्यांचं रक्षण सुरू आहे. नमस्कार."

खालून दाराचा आवाज आला. प्रज्योतला तो ऐकताक्षणी कळला आणि तो धावत कठड्याशी गेला. खाजणाची उघाडी मिटत होती. ओहोटी लागून साडेतीन तास झाले होते, पाणी आत्ता कुठे खाडीकडे परत फिरलं होतं. निम्मंही उतरलं नव्हतं. पण आता खाजणात वस्ती होती, आणि वस्तीकडची उघाडी बंद हवी. सभेनं नवीवाडी तिच्या छातीएवढ्या पाण्यासकट नीट बंद केली.

"उघडता येईल," तो परत येत म्हणाला. जीव तोडून बोलत होता. "उधाण उतरलंय, आता अंगठे चालतात. पण वस्तीची उघाडी उघडायची तर आधी त्याच वस्तीच्या मानकऱ्याचा अंगठा लागतो. मयू, तू लाव. मग बाकीचे लागलीच लावतील. रात्रीच्या भरतीआधी पाणी काढायचं तर आत्ताच."

मयुरीनं डबा पुढे ओढला आणि काचेवर अंगठा ठेवला.

"ओळख पटली नाही," बाई म्हणाली.

तिनं परत ठेवला. "ओळख पटली नाही."

प्रज्योतनं तिचा हात धरून पाहिला. चार तास पाण्यात राहून बोटं पांढरीफटक पडली होती, सुरकुतून गेली होती. अंगठ्यावर एक रेघ धड उरली नव्हती. "दुसरा बघू," तो म्हणाला. दुसराही तसाच होता.

"आता?" खांबेकाकांनी विचारलं.

"सुकेपर्यंत थांबायचं," प्रज्योत म्हणाला. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

अण्णा पायरीवरून उठले. गुडघे धरत धरत मुलीसमोर येऊन बसले. खांद्यावरचा पंचा काढला, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठा पुसायला लागले. पुसून फुंकर घातली, परत पुसला. मयुरीनं हात काढून घेतला नाही. ती कठड्यापलीकडे पाहत होती, जिथून तिच्या घराची कौलं दिसत होती.

"ठेव बघू आता," अण्णा म्हणाले.

तिनं अंगठा ठेवला.

"ओळख पटली नाही," बाई म्हणाली, आणि अण्णा पुन्हा पुसायला लागले.